थायरॉईडची रक्तचाचणी आणि जीवनसत्त्वे : अहवालातील आकड्यांचा अर्थ



बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी हा मुलूख दोन राज्यांच्या सीमेवर वसलेला आहे. एकाच घराची शेती एका राज्यात आणि सोयरिक दुसऱ्या राज्यात, असे येथे सर्रास आढळते. औषधोपचाराचीही हीच रीत आहे. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडते. बेळगाव हे जिल्ह्याचे ठिकाण त्याहून लांब, परंतु सरकारी कामाचे. त्यामुळे रुग्ण एकदा कोल्हापुरात रक्त तपासून घेतो, सहा महिन्यांनी बेळगावात घेतो, आणि मधल्या काळात गावातील औषधाच्या दुकानातून तीच गोळी आणून खात राहतो. अहवालाचे दोन कागद शेजारी ठेवले असता आकडे जुळत नाहीत. मग ‘थायरॉईड वाढला’ किंवा ‘थायरॉईड गेला’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढला जातो आणि गोळी वाढते, कमी होते अथवा बंद पडते. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. आकडा खोटा नसतो; परंतु तो कोणत्या परिस्थितीत आला हे कागदावर लिहिलेले नसते. ती परिस्थिती ओळखावी कशी, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

ग्रंथीचे कार्य

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. मराठी ग्रंथांतून तिला अवटु ग्रंथी म्हटले जाते. व्यवहारात थायरॉईड हेच नाव रूढ आहे. अन्नातून येणाऱ्या आयोडीनपासून ती मुख्यतः टी-४ आणि थोड्या प्रमाणात टी-३ ही हॉर्मोने तयार करते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी, मुलांची वाढ आणि मेंदूचा विकास या साऱ्यांवर या हॉर्मोनांचा अंमल चालतो.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. ती टीएसएच नावाचे हॉर्मोन रक्तात सोडून थायरॉईडला कामास लावते. एखाद्या कारखान्यात काम मागे पडले म्हणजे मुकादमाचा आवाज चढतो, आणि काम गरजेपेक्षा जास्त होऊ लागले की तो गप्प बसतो. त्यातलाच हा प्रकार आहे. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर थायरॉईडचे काम बहुधा कमी पडत आहे, आणि टीएसएच अगदी खाली गेला असेल तर रक्तात हॉर्मोन गरजेपेक्षा जास्त झाले आहे, असा उलटा अर्थ घ्यावा लागतो. ‘आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढला’ ही समजूत येथेच फसते. गोळी घेणाऱ्या रुग्णाचा टीएसएच वाढला असेल तर त्याला औषध कमी पोहोचते आहे, जास्त नव्हे.

आयोडीनयुक्त मीठ खाऊनही हा विकार कसा होतो, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. आपल्या देशात गलगंडाचा प्रश्न जुना आहे. हिमाचल प्रदेशातील काँग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याचे रूपांतर आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रमात करण्यात आले. या प्रयत्नांमुळे आयोडीनच्या अभावाने होणारे विकार पुष्कळ कमी झाले. परंतु आज थायरॉईड मंदावण्याचे प्रमुख कारण निराळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जपानी शल्यचिकित्सक हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा विकार स्त्रियांत विशेष आढळतो. त्यावर जास्त आयोडीन खाणे हा उपाय नव्हे; कधी कधी तो अपायच ठरतो. मात्र घरातील मीठ आयोडीनयुक्तच असावे, झाकणाच्या बरणीत ठेवावे. खानापूरकडील पावसाळी हवेत उघडे मीठ ओलावते आणि त्यातील आयोडीन घटते. सैंधव मिठावर सर्वस्वी अवलंबून राहणेही योग्य नव्हे, कारण त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही.

अहवाल कसा वाचावा

प्रौढ व्यक्तीचा टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४.० किंवा ४.५ या दरम्यान असावा, असे मानले जाते. ही मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळेच्या यंत्रानुसार आणि पद्धतीनुसार थोडी बदलते. म्हणून अहवालाच्या उजव्या बाजूस छापलेली मर्यादा पाहूनच आकडा वाचावा. कोल्हापूरच्या कागदावरील आकडा बेळगावच्या कागदावरील मर्यादेशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, सकाळच्या एकाच सुमारास रक्त द्यावे. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. तेव्हा एकदा सकाळी सात वाजता आणि पुढच्या वेळी दुपारी दोन वाजता दिलेल्या रक्तात काही फरक आपोआपच पडतो.

टी-४ आणि टी-३ यांच्या चाचण्यांचे दोन प्रकार आहेत. एका चाचणीत रक्तातील एकूण हॉर्मोन मोजले जाते, तर दुसरीत प्रथिनांना न चिकटलेले मोकळे हॉर्मोन मोजले जाते. गरोदरपणात तसेच पाळणा लांबविण्याच्या काही गोळ्या घेत असताना ही प्रथिने वाढतात आणि एकूण टी-४ फुगलेला दिसतो. म्हणून अशा वेळी मोकळ्या टी-४ चा आणि टीएसएचचा विचार अधिक उपयोगी पडतो.

टीएसएच ४.५ ते १० च्या दरम्यान आणि टी-४ योग्य प्रमाणात, असा अहवाल आला म्हणजे लगेच जन्मभराची गोळी लागली असे समजू नये. पुष्कळ रुग्णांत दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली असता आकडा आपोआप खाली आलेला असतो. वय झालेल्या माणसांत तो थोडा जास्त असणे स्वाभाविकही असते. मोठ्या आजारात किंवा आजारातून उठताना घेतलेली चाचणीही फसवी ठरू शकते. या बाबतीत निर्णय डॉक्टरांचा. परंतु आपल्याला नुकताच ताप येऊन गेला होता, ही माहिती देणे रुग्णाचे काम आहे.

औषध चालू असताना

थायरॉईड मंदावल्यावर दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे ग्रंथीने जे टी-४ करावयाचे त्याचीच भरपाई. हे हॉर्मोन अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ मध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शरीरात ते सावकाश साचते आणि सावकाश ओसरते; निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलल्यावर आठ दिवसांत तपासणी करून काहीच कळत नाही. सहा ते आठ आठवडे गेल्यावरच टीएसएचचा आकडा नव्या मात्रेविषयी खरे सांगतो. यामागे एक सूचनाही दडलेली आहे. महिनाभर गोळी नेमाने न घेता तपासणीच्या आधी चार दिवस काटेकोरपणे घेतली, तर टी-४ योग्य दिसतो, पण टीएसएच चढलेलाच राहतो. अशा विसंगत अहवालावरून डॉक्टर बुचकळ्यात पडतात आणि मात्रा उगाच वाढवली जाते. गोळी चुकली असेल तर ते मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. पहाटे उठल्याबरोबर चहाचा कप हाती घेण्याची आपल्याकडील सवय येथे आड येते. चहा-कॉफी, दूध आणि सोयाबीन यांमुळे गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. ज्या दिवशी रक्त द्यावयाचे त्या दिवशी रक्त दिल्यानंतरच गोळी घ्यावी, कारण गोळी घेतल्यावर काही तास मोकळा टी-४ तात्पुरता वाढलेला दिसतो. गोळ्यांची बाटली चुलीजवळ किंवा उन्हात येणाऱ्या खिडकीत ठेवू नये.

मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर टीएसएच अगदी खाली जातो. थोडी तरतरी वाटते, वजन उतरते, म्हणून काही जण ते चांगले समजतात. परंतु असे दीर्घकाळ राहिल्यास वयस्कर माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. वजन कमी करण्यासाठी ही गोळी घेणे सर्वथा अयोग्य होय.

ज्यांची ग्रंथी अतिरिक्त काम करते त्यांना कार्बिमॅझोलसारखे औषध दिले जाते. त्यांच्या बाबतीत टीएसएच काही महिने खालीच राहू शकतो. तोवर टी-४ आणि टी-३ यांवरून प्रगती पाहावी लागते. हे औषध चालू असता घसा दुखून ताप आला तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यावी. क्वचितच घडणारा, परंतु जिवावर बेतणारा हा प्रसंग आहे. निपाणीचा परिसर तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे; तेव्हा येथे हेही सांगणे अगत्याचे आहे की, ग्रंथीच्या या विकारात डोळे पुढे येण्याचा जो त्रास होतो तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत अधिक तीव्र होतो.

जीवनसत्त्वांचे आकडे

थकवा, केस गळणे, अंगदुखी, हातापायांना मुंग्या ही लक्षणे थायरॉईड मंदावल्यानेही होतात आणि जीवनसत्त्वांच्या अभावानेही. त्यामुळे टीएसएच योग्य असताना थकवा राहिला तर गोळी वाढवण्यापूर्वी हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहणे शहाणपणाचे ठरते. स्वतःच्या ग्रंथीवर उलटणाऱ्या विकाराच्या जोडीला ब-१२ शोषून घेण्याची शक्ती कमी होण्याचा विकारही काही जणांत असतो. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी नेहमी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचेही ब-१२ घटते. साधारणतः २०० पिकोग्रॅमच्या खाली ब-१२ कमी समजले जाते. दूध, दही, अंडी, मासे यांतून ते मिळते. पालेभाजीतून मिळत नाही. ब-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

ड जीवनसत्त्व त्वचेवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाने तयार होते. उन्हाचा तुटवडा आपल्या मुलखात नाही. परंतु सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात बसून विड्या वळणाऱ्या भगिनीच्या अंगावर ते ऊन पडत नाही. रक्तातील प्रमाण २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी धरतात. काही प्रयोगशाळा निराळ्या एककात आकडा देतात आणि तो अडीच पट मोठा दिसतो; म्हणजे पहिल्या एककातील २० हाच दुसऱ्यात ५० होय. आकड्याबरोबर एकक पाहिले नाही तर भरपूर आहे असा भ्रम होतो.

या कमतरतेसाठी ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे दिली जाते. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते. तहान, बद्धकोष्ठ, ओकाऱ्या, गोंधळलेपणा दिसू लागतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द औषध देणाऱ्याने रुग्णाच्या भाषेत दोनदा सांगावेत आणि वार ठरवून द्यावा. बाजाराचा वार सोयीचा. तो घरात कोणी विसरत नाही.

आता एका फसव्या प्रकाराकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. थायरॉईडच्या रुग्णाचे केस गळतात, म्हणून तो केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेऊ लागतो. बायोटिन हे ब गटातील एक जीवनसत्त्व आहे आणि मोठ्या मात्रेत ते काही यंत्रांवरील चाचणीतच अडथळा आणते. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. अहवालावरून औषध जास्त झाल्याचे वाटते, मात्रा कमी केली जाते, आणि आजार खरोखरच बळावतो; केस आणखी गळतात. म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवावे. मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस आधी थांबवावे हे विचारून घ्यावे. ज्या बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या ‘ताकदीसाठी’ म्हणून घेतल्या जातात त्यांत बायोटिन, लोह आणि कॅल्शियम असू शकते, हेही ध्यानात असावे.

गरोदर मातेची सकाळ

वरील सर्व मुद्दे ज्या एका प्रसंगी एकत्र येतात आणि जेथे चुकीची किंमत दोन जिवांना मोजावी लागते, तो प्रसंग म्हणजे गरोदरपण. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत हॉर्मोन पुरवू शकत नाही. त्या काळात बाळाच्या मेंदूला लागणारे हॉर्मोन आईकडूनच येते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच गोळी बंद न करता टीएसएच तपासून घ्यावा. बहुतेकींना मात्रा पाव ते एक-तृतीयांश वाढवावी लागते. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि त्यानंतर साडेसात महिन्यांच्या सुमारास एकदा तपासणी आवश्यक असते.

याच काळात प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिला लोह-फॉलिक आम्लाच्या तांबड्या गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दोन्ही अत्यंत आवश्यक आहेत. परंतु समजा, निपाणीजवळच्या खेड्यातील एखादी सून शहरातील डॉक्टरांनी दिलेली थायरॉईडची गोळी आणि केंद्रातून मिळालेल्या या दोन गोळ्या, विसरायला नको म्हणून, सकाळी एकाच घोटात घेते. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही. टीएसएच चढतो, मात्रा वाढते, तरी टीएसएच चढलेलाच राहतो. आणि बाळाच्या दृष्टीने मोलाचे आठवडे निघून जातात. येथे औषध बदलण्याची गरज नसते. घड्याळ बदलण्याची असते. थायरॉईडची गोळी पहाटे उठल्याबरोबर. कॅल्शियम दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणानंतर. लोह रात्री, जेवणानंतर किमान दोन तासांनी, झोपण्यापूर्वी. थायरॉईडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर असले म्हणजे तिन्ही औषधे आपापले काम करतात.

आशा कार्यकर्ती आणि आरोग्य सेविका यांनी गोळ्या वाटताना एकच प्रश्न अधिक विचारावा : ‘थायरॉईडची गोळी चालू आहे का, आणि ती किती वाजता घेतेस?’ या एका प्रश्नाने पुष्कळ काही साधते.

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. सासर निपाणीकडचे आणि माहेर कागल, गडहिंग्लज किंवा चंदगड तालुक्यातील असेल तर सातव्या महिन्यात ती राज्याची सीमा ओलांडते. दवाखाना बदलतो, प्रयोगशाळा बदलते, कागदावरील भाषाही बदलते. तिच्या ओटीत नारळ आणि तांदूळ पडतात. त्यांच्याबरोबर माता व बालसंरक्षण कार्ड आणि रक्ताचे सर्व अहवालही गेले पाहिजेत. बाळंतपणानंतर बहुधा पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू होते आणि सहा आठवड्यांनी टीएसएच तपासावा लागतो. तो माहेरी असतानाच येतो, हे विसरू नये.

जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच पाहता येतो. सुमारे हजार बालकांत एखाद्याची ग्रंथी जन्मतःच अपुरी असते. असे बाळ पहिल्या दिवसांत निरोगीच दिसते. निदान होऊन पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर त्याची बुद्धी इतर मुलांसारखी वाढते. उशीर झाला तर झालेली हानी भरून निघत नाही. ज्या रुग्णालयात ही चाचणी होते तेथे ती मागून घ्यावी आणि अहवाल हाती आल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

एक वही

या साऱ्यासाठी खर्चाचे साधन लागत नाही; शाळकरी मुलांची एक वही पुरते. तिच्यात तपासणीची तारीख, वेळ, प्रयोगशाळेचे नाव, टीएसएच व टी-४ चा आकडा, छापलेली मर्यादा आणि एकक, त्या वेळी चालू असलेली मात्रा, गोळी घेण्याची वेळ आणि चालू असलेली इतर सर्व औषधे व जीवनसत्त्वे एवढे लिहावे. फीट येण्याची, क्षयाची आणि हृदयाची काही औषधे थायरॉईडच्या गोळीची गरज बदलतात. म्हणून ‘इतर औषधे’ हा रकाना रिकामा सोडू नये. वही मराठीत लिहिली काय किंवा कन्नडमध्ये लिहिली काय, आकडे दोन्हीकडच्या डॉक्टरांना वाचता येतात. घरातील शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम हौसेने करील.

मात्रा ठीक बसल्यावर वर्षातून एकदा किंवा दोनदा तपासणी पुरेशी असते. दर महिन्याला रक्त देऊन पैसा घालवण्याचे कारण नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून वर्षानुवर्षे तपासणी टाळणेही उचित नव्हे. आकडा अनपेक्षित आला तर गोळीला हात लावण्यापूर्वी क्रमाने विचारावे : गोळ्या चुकल्या का? चहा, लोह किंवा कॅल्शियम तिच्याजवळ आले का? प्रयोगशाळा, वेळ किंवा एकक बदलले का? बायोटिन चालू होते का? दिवस गेले आहेत का? मात्रा बदलून सहा आठवडे झाले का? या प्रश्नांची उत्तरे वहीत असली की डॉक्टर बेळगावचे असोत वा कोल्हापूरचे, त्यांना योग्य निर्णय घेणे सोपे जाते, आणि सीमेच्या अलीकडील वा पलीकडील कोणत्याही मातेला एका गोळीच्या चुकीच्या वेळेची किंमत मोजावी लागत नाही.